यंत्र कोणाच्या हातीं?

(हिंजवडी येथें म्हातोबाच्या देवळापुढें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज बायाबापड्या एवढ्या संख्येनें आल्या आहेत, म्हणून प्रथम जात्याविषयींच बोलतों. यंत्रानें हाताचें काम काढून घेतलें असें म्हणून पुष्कळ पुरुष हळहळतात. पण कोंबडा आरवण्याआधीं उठून ज्या बाईनें घरच्या दहा तोंडांचें दळण दळलें, तिला कोणीं विचारलें काय? आमच्या आजीच्या तळहाताला जात्याच्या खुंट्याचे घट्टे मरेपर्यंत होते. गांवांत पिठाची गिरणी आली त्या दिवशीं तिनें देवापुढें नारळ फोडला. ह्याच मुळशी-मावळच्या बायांच्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉयत्वाँ ह्यांनीं गोळा करविल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्यांत माहेरची माया आहे, तसा सासुरवासही आहे. जातें सुटलें ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. गाणें मात्र त्याच्याबरोबर गेलें, कारण गिरणीच्या पट्ट्याच्या धडधडाटांत कोण गाणार?

बलुत्याचेंही तसेंच. सुतारानें नांगर घडवावा, लोहारानें फाळ शेवटावा, चांभारानें मोट शिवावी, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या हक्काचें धान्य मागावें. शिकलेली मंडळी ह्या गांवगाड्याचे मोठे गोडवे गातात. खळ्याच्या कडेला टोपलें घेऊन उभें राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती! हक्क म्हणावयाचा आणि भिकेसारखा घालावयाचा, अशी ती तऱ्हा. महार-मांग बांधवांच्या वांट्याला जें येई, तें तर सांगावयासही लाज वाटते. पुढें लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तो केला, आणि १९१० सालीं त्यांचा कारखाना कुंडल रोड स्टेशनाजवळ उभा राहिला. लोखंडानें जमिनींत विष उतरेल म्हणून शेतकरी आधीं तो घेईना. मग घेऊं लागला, कारण नांगर खरोखरच चांगला होता. पण तो बलुत्यावर मिळत नव्हता. त्यास रोख पैसा लागे. सुताराचें खळ्यावरचें माप सुटलें आणि कुणब्याची पायरी बाजाराच्या उंबऱ्याला लागली. दोघेही एका दास्यांतून निघाले. कोठें पोहोंचले तें पुढें पाहूं.

मुंबईस कावसजी दावर ह्यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी काढली. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली. विलायती यंत्राच्या मालानें इकडच्या साळी-कोष्ट्यांचे माग बसले, हें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकांत स्पष्ट मांडलें आहे. माग बसला, शेत पिकेना, तेव्हां आपलीं माणसें गिरणींत गेलीं. शेतांत पाऊस पडला कीं माणूस घडीभर झाडाखालीं बसतो. गिरणींत पाऊस नाहीं, झाड नाहीं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभें राहावयाचें, आणि आठवड्याची हक्काची सुट्टीही नाहीं. 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांची सभा भरविली व साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या ऐका: रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. एवढ्यासाठीं सहा वर्षें झगडावें लागलें. १८९० च्या जून महिन्यांत रविवार मिळाला.

यंत्राला जात नसते असें आपण ऐकतों. यंत्राला नसेल, यंत्रापाशीं उभ्या राहणाऱ्याला होती. गिरणीच्या विणकाम खात्यांत धोट्याच्या भोंकांतून धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे. एकाचें उष्टें दुसऱ्याच्या तोंडीं जाईल म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यांत उभें करीत नसत, आणि जास्त मजुरी तर त्याच खात्यांत! १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न उघड मांडला. त्यांना खात्याबाहेर ठेवणारे आपलेच शेतकरी घरचे भाऊ होते. हें येथें बोललेंच पाहिजे.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. मुंबईच्या त्या गिरण्या आधीं कोळशाच्या वाफेवर चालत. पुढें त्यांना वीज हवी झाली, आणि विजेसाठीं पाणी हवें झालें. आमच्या मुळशीच्या खोऱ्यांत आंबेमोहर भात पिकत होता. तेथें टाटा कंपनीचें धरण व्हावयाचें ठरलें. १९२१ सालीं रामनवमीस सेनापति बापट व मावळे बांधाच्या कामावर जाऊन बसले. बायका पुढें होत्या. लाठ्या झाल्या, तुरुंग झाले, तरी धरण झालें. जमीन कसणारा मावळा, पण पुष्कळ ठिकाणीं कागदावर नांव पुण्याच्या सावकाराचें! सावकाराला मोबदल्याच्या आंकड्यांत गोडी, कसणाऱ्याला जमीन हवी. त्यामुळें लढ्यांत आंतूनच फूट पडली. मुळेचें पाणी निसर्गानें पूर्वेकडे दिलेलें, तें वळवून घाटाखालीं भिऱ्यास पाडलें. १९२७ सालीं तेथून वीज निघाली व मुंबईस गेली. बायांनो, नीट ध्यानांत घ्या. तुमच्या पाण्यावर मुंबईचे माग फिरूं लागले, त्यानंतरही कित्येक वर्षें तुमच्या आज्या पहाटे जातें हातानेंच ओढीत होत्या.

त्या गिरण्यांचेंही पुढें काय झालें? १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतले पुष्कळ परत कामावर आलेच नाहींत. गिरण्यांच्या जमिनींवर मजले चढले.

आणि आपली हिंजवडी! १९९० नंतरच्या वर्षांत औद्योगिक विकास महामंडळानें येथील शेतें संपादन केलीं व राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती उभ्या राहिल्या. मुळशीइतकी ही गोष्ट कडू नाहीं, हें आम्ही मान्य करतों. मोबदला मिळाला. कोणी खोल्या बांधून भाडें घेतो, कोणी गाडी चालवितो, कोणाची मुलगी आंत संगणकापुढें बसते. तिचा आम्हांस अभिमान आहे. पण पैसा आला तेव्हां किती घरांनीं तो शिक्षणांत घातला, आणि किती घरांनीं लग्नांत व मोटारींत? सातबाऱ्यावर बहिणीचें नांव होतें तेथें तिला वांटा दिला, कीं साडीचोळी देऊन सही घेतली? रागावूं नका, आमच्याही भावकींत हें घडलें आहे. संगणकापुढें बसलेल्यांचें काम नवीं यंत्रें काढून घेत आहेत अशी बोलणीं आतां ऐकूं येतात. त्या मुलीच्या हातीं दुसरें काम हवें, आणि दुसरें काम शिकावयास पदरीं पैसा हवा.

तेव्हां येत्या रविवारीं सकाळीं येथेंच पुन्हां बसूं. ज्यांची थोडी जमीन अजून उरली आहे, त्यांनीं सातबारा व आलेल्या नोटिसा घेऊन याव्या. बहिणींना बोलावून आणावें. सही करण्यापूर्वीं कागद मोठ्यानें वाचून घेऊं. सवड नाहीं म्हणूं नका. रविवार आहे, आणि तो कोणीं मिळवून दिला तें आतांच सांगितलें.