रिकामा तुरुंग आणि रयतेचा पैसा
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



तुरुंग म्हटला की मनात येतात ती आत कोंडलेली माणसे. आज आम्ही अशा एका तुरुंगाची हकीकत सांगणार आहोत की ज्यात एकही कैदी कधी ठेवला गेला नाही. तेथे कोंडला गेला तो फक्त रयतेचा पैसा. हा तुरुंग अमेरिकेतला. इतक्या दूरची गोष्ट आम्हांस कशाला, असे कोणी म्हणेल. पण पट्टी भरणारा हात तिकडचा असो की इकडचा, तो राबूनच पैसा आणतो. आणि इमारत बांधण्याची घाई व ती चालविण्याची टाळाटाळ ही काही एकाच मुलखाची मिरास नव्हे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. त्यातील पोर्टलंड शहर पुष्कळसे मल्टनोमा काउंटीत आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी समजा. शहराच्या उत्तर टोकास, कोलंबिया आणि विलामेट या नद्यांच्या संगमानजीक, कारखान्यांच्या वस्तीत या काउंटीने ५२५ खाटांचा तुरुंग बांधला. त्याचे नाव वापाटो. हे नाव एका कंदाचे आहे. तो पाणथळ चिखलात वाढतो आणि तेथील मूळचे रहिवासी त्यावर पोट भरीत. पोट भरणाऱ्या कंदाचे नाव दिलेल्या या वास्तूने १४ वर्षे कोणाचेही पोट भरले नाही. उलट तिचेच पोट लोकांना भरावे लागले.

हे कसे घडले ते नीट ऐका, कारण सारा बोध तेथेच आहे. त्या काळी काउंटीचे जुने तुरुंग भरून गेले होते. जागा नाही म्हणून कैद्यांना मुदतीआधी सोडावे लागे, आणि लोक त्यामुळे धास्तावले होते. तेव्हा १९९६ साली मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला: कर्ज काढून बांधकाम करावे काय? मतदारांनी होकार दिला. नव्या तुरुंगात काही जागा दारू व अफूसारख्या व्यसनांच्या उपचारासाठी राखण्याचेही ठरले होते. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही.

पण त्याच १९९६ साली त्याच राज्याच्या मतदारांनी घरादारांवरील व जमिनीवरील करास आळा घालणारा ठरावही मंजूर केला. पुढे १९९७ साली त्यास पक्के रूप आले. करासाठी धरलेली मालमत्तेची किंमत सर्वसाधारणपणे वर्षाला शेकडा ३ पेक्षा अधिक वाढवावयाची नाही, असा नियम झाला. गोम अशी, की मतदारांनी मंजूर केलेले बांधकामाचे कर्ज या आळ्याबाहेर राहिले. म्हणजे विटा, सिमेंट आणि लोखंड यांसाठी पैसा उभा करता येईना असे नव्हते. पण पहारेकऱ्यांचे पगार, कैद्यांचे अन्न आणि वैद्याचे औषध यांसाठी त्या कर्जातला छदामही वापरता येत नव्हता. तो खर्च रोजच्या महसुलातून यावयाचा, आणि महसुलास तर दोर बांधलेला. कोंबडी विकत घेतली आणि मसाल्याचा हिशेब राहिला, तशी ही गत.

तरी बांधकाम थांबले नाही. २००४ साली इमारत तयार झाली. खर्च झाला ५ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे खाटेमागे सुमारे १ लाख १० हजार डॉलर. मग दाराला कुलूप.

कुलूप लावले म्हणजे खर्च थांबतो, असे कोणी समजू नये. आपले घर दोन पावसाळे बंद ठेवून पाहा. कौले सरकतात, वाळवी लागते, भिंत फुगते. तो तर पावसाळी मुलूख. छपराची डागडुजी, आतील ऊब, पाण्याचे नळ, आगीची सूचना देणारी यंत्रे, विमा, राखण, आवारातील गवत कापणे, हे सर्व करावेच लागले. त्यापायी दरसाल काही लाख डॉलर गेले, आणि कर्जाची फेड निराळीच. मधूनमधून चित्रपटवाले व जाहिरातवाले तेथे येऊन खोट्या कैद्यांची चित्रे घेत. खरा कैदी नाही आणि खरा रोगीही नाही.

इकडे त्याच शहरात माणसे फूटपाथवर निजत होती. २०१५ साली बेघरांच्या प्रश्नावर पोर्टलंडात आणीबाणी जाहीर करावी लागली. लोक विचारू लागले, ५२५ खाटा रिकाम्या आणि माणसे पावसात, हा कोठला न्याय? कारभाऱ्यांची उत्तरे होती: जागा शहरापासून लांब, कामधंदा व दवाखाना जवळ नाही, ती वस्ती कारखान्यांसाठी राखलेली, आणि चालविण्यास पैसा नाही. आणखी एक आक्षेप होता, तो आम्हांस वजनदार वाटतो. गरिबाने गुन्हा काय केला म्हणून त्याला तुरुंगात निजवावे? हे खरे आहे. पण मग जी वास्तू तुरुंग म्हणून चालविता येत नाही आणि निवारा म्हणून चालवावयाची नाही, ती वर्षानुवर्षे सांभाळावयाची तरी कोणासाठी?

शेवटी २०१८ साली काउंटीने ती विकली, ५० लाख डॉलरांना. अकरा रुपयांहून अधिक घालून एक रुपया पदरात घेतला असा हा सौदा. त्याच वर्षी ती जॉर्डन श्निट्झर या व्यापाऱ्याच्या हाती गेली. त्याने ती पाडण्याचीही भाषा केली होती. पुढे तिच्यात फेरफार झाले आणि २०२० साली बायबी लेक्स या नावाने तेथे बेघरांसाठी निवारा उघडला. माणूस त्या खाटांवर निजला, पण १६ वर्षांनी, आणि वास्तू लोकांच्या हातून गेल्यावर.

बंधूंनो, यात कोणी तिजोरी फोडली नाही. पैसा चोरीस गेला असता तर चोर तरी शोधता आला असता. येथे प्रत्येक कागदावर रीतसर सही होती. चूक एवढीच, की अर्ध्याच प्रश्नाचे पक्के उत्तर हाती होते. बांधू काय, याचे उत्तर मिळाले. चालवील कोण आणि कशातून, याचे पक्के उत्तर नसतानाच इमारत पुरी केली. आपल्यातला साधा कुणबीदेखील बैलजोडी घेताना आधी वैरणीचा विचार करतो, आणि सुतार नवे हत्यार घेताना त्यास काम किती मिळेल ते पाहतो. मग रयतेच्या पैशाने काम करणाऱ्यांस हा विचार का नसावा?

म्हणून आमचे सांगणे इतकेच. उद्या तुमच्या गावी दवाखाना, शाळा, बाजारकट्टा, काहीही बांधण्याचा ठराव आला, तर ग्रामसभेत उठून उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा. दरसालचा खर्च किती? तो कोणत्या खात्यातून येणार? आणि काम बंद पडले तर वास्तू कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज कोण लिहून देतो? उत्तर तोंडी घेऊ नका. ठरावात लिहून घ्या. ज्या बायाबापड्यांना सभेत बोलू दिले जात नाही त्यांनाही हे तीन प्रश्न शिकवा, कारण पट्टीचा पैसा त्यांच्याही कष्टाचा आहे. कोनशिलेच्या दिवशी हार घालण्यास पुष्कळजण येतील. त्याच दिवशी हिशेब मागणारा तुमच्यातला एकजण तरी तेथे हजर असला पाहिजे.