नव्या संगणकावर जुने दप्तर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कोणी कराडला टायपिंग-झेरॉक्सचे दुकान चालवतो, कोणी मिरजेत पतसंस्थेत कारकून आहे, कोणी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचा हिशेब लिहितो. बहुतेकांच्या टेबलावर एक जुना संगणक आहे, आणि तो आता बदलावा लागणार आहे. नवे यंत्र घेतले की जुन्या कामाचे काय, हा आजचा विषय. विषय रुक्ष वाटेल. परंतु तुमच्या मुलाच्या दाखल्यावर त्याचे नाव बरोबर उमटते की नाही, हे त्यावरच ठरते.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जुने ऑफिस २००७ किंवा २०१० नव्या यंत्रावर बसवले तर ते बहुधा चालते. मात्र त्यांची देखभाल कंपनीने अनुक्रमे २०१७ आणि २०२० साली थांबवली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचीही सर्वसाधारण मुदत संपली. यंत्र बंद पडत नाही, परंतु नवीन छिद्रे बुजवणारा कोणी राहत नाही. घरी पत्रे लिहिणाऱ्याला याचे फारसे भय नाही. ज्याच्या यंत्रात लोकांची खाती आहेत, त्याने मात्र चालढकल करू नये. नवे ऑफिस विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिस मोफत मिळते आणि जुन्या फाइली उघडते. चोरीची प्रत घालून देणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागण्याचे कारणच उरत नाही.

फाइलींच्या नमुन्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २००७ पासून वर्ड आणि एक्सेलचा नमुना बदलला. जुन्या एक्सेलच्या पानावर ६५,५३६ ओळी मावत, नव्यात १०,४८,५७६ मावतात. जुनी फाइल उघडून नव्या नमुन्यात दुसरी प्रत ठेवावी, मूळ फाइलीला हात लावू नये, इतकेच पुरे.

खरी अडचण अक्षरांची आहे, आणि इथे मी जरा थांबणार आहे. शिवाजी, कृतिदेव, जुनी श्रीलिपी या फॉन्टांत मराठी टंकताना पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठत. फॉन्ट म्हणजे त्यावर चढवलेला मराठी पोशाख. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की पोशाख उतरतो आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी समोर येते. फॉन्ट परत बसवला की मजकूर दिसू लागतो आणि लोक निर्धास्त होतात. तेवढ्याने भागत नाही. त्या यादीत नाव शोधले तर सापडत नाही, अकारविल्हे लावली तर क्रम भलताच लागतो, आणि तोच मजकूर सरकारी अर्जात चिकटवला तर पुन्हा खिचडी. फाइलीचा नमुना बदलल्याने हे सुधारत नाही. मजकूरच युनिकोडमध्ये आणावा लागतो.

ते करणारी परिवर्तक साधने मोफत मिळतात. पण 'मिर्झा' हे एकच आडनाव घ्या. जुन्या फॉन्टात वेलांटी म च्या आधी आणि रफार झा च्या नंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये वेलांटी म च्या नंतर येते आणि रफाराचा र झ च्या आधी. परिवर्तक हा क्रम उलटवताना चुकला की आडनावाचे काहीतरी तिसरेच होते. जोडाक्षरांचेही तेच. दाखल्यातील असे एक चुकलेले अक्षर पुढे जातपडताळणीत किंवा पासपोर्टच्या वेळी पालकांना किती खेटे घालायला लावते, हे आपल्या समाजातील घरांना मी सांगायला नको. आपल्या उर्दू शाळांत हाच पेच इनपेजचा आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीतील मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तो वर्डमध्ये सरळ उतरत नाही, तोही बदलूनच घ्यावा लागतो.

काम मोठे आहे म्हणून कोणी कच खाऊ नये. साताऱ्याच्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते जाडजूड छापील खंड पुढे युनिकोडमध्ये आले आणि आज शाळकरी मुलगाही त्यातला शब्द घरबसल्या शोधतो. आपल्या शाळेची यादी त्यापुढे किती!

पतसंस्थांत आणि काही शाळांत फॉक्सप्रोमधील जुने डॉसचे प्रोग्राम अजून आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची येते. त्यावर असे प्रोग्राम सरळ सुरू होत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या साधनाने पुष्कळदा चालतात, पण ती कुबडी समजावी. आतील आकडे एक्सेलमध्ये काढून घ्यावेत आणि खात्यांची बेरीज जुन्याशी पैशापर्यंत जुळवावी. टॅलीच्या मंडळींना हे ठाऊक आहेच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा जुनी आवृत्ती कवटाळून बसलेल्यांनाही हलावे लागले.

नवे यंत्र आणण्यापूर्वी सगळ्याची प्रत दोन ठिकाणी काढा, आणि दोन्ही एकाच कपाटात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत कुठवर चढले होते ते आठवा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमच्या हातचे आहे. सुट्टीत दोघा-दोघांनी बसा. एकाने मूळ रजिस्टरातील नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडावे. दिवसाला शंभर नावे झाली तरी चालतील. आणि यादी पूर्ण तपासून मुख्याध्यापकांची सही होईपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका.