मीठ, मूत्रपिंड आणि वारसा
उच्च रक्तदाबामागे आनुवंशिकता आणि मीठ दोन्ही असतात. त्यांचे नाते आधी उंदरांत स्पष्ट झाले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी निवडक पैदाशीतून उंदरांचे दोन वंश तयार केले. खारट आहारावर एका वंशाचा रक्तदाब झपाट्याने चढला, दुसऱ्याचा फारसा हलला नाही. पुढे मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा रक्तदाबही मूत्रपिंडामागोमाग गेला. सोडियम बाहेर टाकण्यात कमी पडणारे मूत्रपिंड पाणी धरून ठेवते आणि रक्ताचे आकारमान वाढते. माणसात एकाच जनुकाचा दोष क्वचितच आढळतो. बहुतेकांत शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाणातले मीठही धरलेले आहे.