‘ग’ गणपतीचा, गुळाचा आणि दुसऱ्या गेटाचा

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी, यावर बोलायला आम्हाला सांगितलं आहे. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेली साधी माणसं आहोत. दिवसभर कन्नडमधल्या फायली पाहायच्या आणि संध्याकाळी टिळकवाडीतल्या घरी येऊन मराठीत बोलायचं, असं आमचं आयुष्य. इथल्या बऱ्याच घरांत असंच आहे. त्यामुळे घरी जे घडलं, तेच सांगतो.

आधी आमची चूक. थोरली तीन वर्षांची झाली तशी आम्ही पाटी-पेन्सिल आणली. रोज एक अक्षर, पाटी भरेपर्यंत गिरवायचं. ‘ई’पर्यंत पोचेतो तिने पाटी खाटेखाली लपवायला सुरुवात केली. मग ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली आणि पाटी खाटेखालीच राहिली. आज ती नववीत आहे. घरात मराठी छान बोलते. पण दोन वर्षांपूर्वी आरतीला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात आरतीचं पुस्तक नव्हतं, मोबाइल होता. आरती मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. ते पाहून आमच्या आईने काही म्हटलं नाही, आरती संपल्यावर पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. ती गोष्ट आम्हाला लागली. त्यात शाळेचा दोष नाही. घरचं अक्षर घरीच द्यायचं असतं, ते आम्ही दिलं नाही.

आता घरात धाकट्या भावाचा मुलगा आहे. गेल्या वर्षी तो तीन वर्षांचा होता. या वेळी आम्ही सगळ्यांनी ठरवलं की पाटी नको, खेळायचं. ही कल्पना आमची नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. महागडी मॉंटेसरी साधनं खेड्यात कुठून आणणार? म्हणून त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले हीच साधनं केली. अंगणात भरणारी ती शाळा, म्हणून अंगणवाडी. तेव्हा आमच्या अंगणातली साधनं आम्ही शोधली.

पहिलं अक्षर घेतलं ‘ग’. ‘अ’ का नाही, असं आईने विचारलंच. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागांवरून लावलेला आहे, तो शास्त्रशुद्ध आहे. पण मुलाला त्याचं काय? भाद्रपदात त्याच्या कानावर दिवसभर गणपती, गणपती पडत होतं. जे कानात आहे तेच आधी डोळ्यांसमोर आणावं.

पहिले दोन दिवस अक्षर दाखवलंच नाही. एका पिशवीत गोटी, गुळाचा खडा, गाजर, गोणपाटाचा तुकडा आणि खेळण्यातली गाडी घातली. हात घालून एकेक वस्तू काढायची आणि नाव घ्यायचं. मध्येच चमचा घातला की त्याने ओरडायचं, ‘हा आपला नाही!’ शेजारी कन्नड बोलणाऱ्या अज्जी राहतात. त्यांनी लाकडी पोपट आणून दिला आणि म्हणाल्या, ‘गिळी घाला की यात.’ कन्नडमध्ये पोपटाला गिळी म्हणतात, चिमणीला गुब्बी. पिशवीत पोपटही बसला. गणपतीचा ‘ग’ दोन्ही भाषांत एकच. मराठी शिकवायला कन्नड नाकारावी लागत नाही, हे आम्हाला त्या पोपटाने शिकवलं.

संध्याकाळी फिरायला दुसऱ्या रेल्वे गेटपाशी. गेट पडलं, गाडी आली, गाडी गेली, सगळा ‘ग’च! परत येताना व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर अनवाणी गवतात.

एक अडचण आली. पोरगा म्हणायचा ‘दणपती बाप्पा’. गाजराला ‘दादर’. सगळे हसलो आणि तो गप्प झाला, दोन दिवस पिशवीला हात लावेना. तेव्हा कळलं की हसायचं नसतं. ‘ग’ कंठ्य आहे, घशाशी होतो. ‘द’ दंत्य, दातांपाशी. लहान मुलांची जीभ मागचा आवाज पुढे आणते, आणि साधारण साडेतीन-चार वर्षांपर्यंत बहुतेकांचं ते आपोआप सुटतं. त्याला चुकीचं म्हटलं नाही, आम्ही नीट ‘गणपती’ म्हणत राहिलो. शिवाय एक खेळ केला, गुळण्यांचा. सकाळी मोरीपाशी सगळ्यांनी ओळीने उभं राहून गुळण्या करायच्या, म्हणजे घशातून आवाज काढायचा. आईसुद्धा उभी राहायची. नावातही ‘ग’, आवाजातही ‘ग’. (चारच्या पुढेही असे बरेच उच्चार अडत असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारावं.)

तिसऱ्या दिवशी अक्षर आलं. सुताराकडचा पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर ‘ग’ चिकटवला. दोन बोटं त्यावरून फिरवायची आणि तोंडाने ‘ग’ म्हणायचं, ही मॉंटेसरीबाईंची रीत. मग ताटात रवा पसरून त्यात बोटाने. मग शाडूच्या तीन वळ्या: एक खाली गाठ असलेली, एक सरळ उभी, एक वरून आडवी. गाठ, दांडी, रेघ, झाला ‘ग’. शेवटी दूर्वा निवडायला बसवलं. चिमटीत एकेक काडी धरायची, त्यात बोटांना बळ येतं. पेन्सिल द्यायची घाई नको. तीन वर्षांच्या मनगटात ती ताकद नसते, आणि थोरलीला आम्ही तिथेच रडवलं होतं.

रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. कंटाळला की बंद.

चतुर्थीला काय झालं ते वाढवून सांगत नाही. त्याला वाचता येत नव्हतं. पण मंडपाच्या फलकापुढे तो थांबला, ‘गणेशोत्सव’मधल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाला, ‘काका, हा आपला!’ उच्चार अजून थोडा ‘द’च होता.

आणखी एक. शाडूच्या वळ्या करायला थोरली त्याच्याजवळ बसायची. आता हळूच आरतीचं पुस्तक काढते, जोडाक्षराला अडते, आजीला विचारते. मोबाइल अजून शेजारी असतो. असू दे.

आपली मुलं कुठल्या माध्यमात शिकतात, त्यावर आज बोलायचं नाही. प्रत्येक घराची आपली कारणं आहेत. विनंती एवढीच, की आठवड्याला एक अक्षर घरात खेळायला आणा. पुढल्या वर्षी मंडपाच्या एका कोपऱ्यात सतरंजी, रव्याचं ताट आणि शाडूचा गोळा ठेवू. आरतीची वेळ होईपर्यंत पोरं तिथे बसतील, आणि जमलं तर आजी-आजोबाही.

 गणपती बाप्पा मोरया!