फंक्शन लिहिलं, पण चाललंच नाही!

मी जूचंद्रचा. हो, तेच रांगोळीवालं गाव, चंडिका देवीच्या डोंगराजवळचं. आमच्या घरीही रांगोळीच्या ऑर्डरी घेतात. रंग किती किलो लागेल, हे बाबा अंदाजानेच सांगायचे. गेल्या दिवाळीत अंदाज चुकला, मध्यरात्री निळा संपला आणि ऑर्डरचे पैसे कापले गेले. म्हणून मी मोबाईलवर पायथन शिकायला घेतलं.

पहिलं फंक्शन लिहिलं: 'डेफ रंग', कंसात लांबी आणि रुंदी, पुढे कोलन. हिशोबाची ओळ चार स्पेस आत. रन दाबलं. काहीच नाही! एररसुद्धा नाही. अर्धा तास डोकं खाजवलं. अहो, डेफ म्हणजे फक्त कृती लिहून ठेवणं. वहीत नक्षी काढून ठेवली म्हणून अंगणात रांगोळी उमटते का? खाली, समासाला लागून, त्याला नावाने हाक मारावी लागते: रंग, कंसात 10, 8. तेव्हा कुठे ते चालतं.

मग दुसरा घोळ. आत प्रिंट लिहिलं होतं. आकडा दिसला, पण दोन रांगोळ्यांची बेरीज करायला गेलो तर टाइपएरर! प्रिंट नुसतं दाखवतं. हातात देतं ते रिटर्न. रिटर्न नसेल तर पायथन 'नन' देतं, आणि नन अधिक नन कसं होणार?

रिटर्न घातलं, बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "सांडलेला रंग धरलास का?"

नव्हता धरला. आता कंसात तिसरं नाव टाकतोय: वाया.