माहितीपुस्तिकेवरचे कुलूप

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेला आदिलाबाद जिल्हा कापसाचा म्हणून ओळखला जातो. तेथील बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा एकाच वेळी कानावर येतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढे तो आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. निजामाच्या अमलात सरकारी कारभार उर्दूत चाले. गोंडी, मराठी किंवा तेलुगू बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा कागद पडला, की तो वाचून घेण्यासाठी त्यास दुसऱ्याच्या ओटीवर जावे लागे. कागद त्याचा, जमीन त्याची. परंतु कागदातील अर्थ मात्र वाचणाऱ्याच्या स्वाधीन असे.

आज तो कागद संगणकात गेला आहे. तेलंगणातील जमिनीच्या नोंदींसाठी २९ ऑक्टोबर २०२० रोजी ‘धरणी’ ही व्यवस्था सुरू झाली. तिची देखभाल प्रथम एका खाजगी कंपनीकडे होती. २०२४ मध्ये ती राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राकडे सोपविण्याचा निर्णय झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘भू भारती’ ही नवी व्यवस्था आली. कापूस हमीभावाने विकण्यासाठीही भारतीय कापूस महामंडळाने २०२५ मध्ये ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी सुरू केली. शेतकऱ्यास या व्यवस्थांचे अंतरंग ठाऊक असण्याचे कारण नाही. विहिरीवरचा पंप चालविणाऱ्यास मोटारीची गुंडाळी बांधता आलीच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. परंतु मोटार जळाली असता ती दुरुस्त करणारा माणूस पंचक्रोशीत असावा लागतो, आणि त्या माणसास मोटारीची रचना ठाऊक असावी लागते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही रचना समजावून देणारी जी पुस्तिका असते, ती कोणाच्या हाती असावी, हा आजचा विचाराचा विषय आहे.

मोठ्या संस्थांचा कारभार चालविणारे सॉफ्टवेअर हे घरगुती सॉफ्टवेअरहून निराळे असते. बँकेची खाती, कारखान्याची कोठारे, कामगारांचे पगार, मालाची आवक-जावक आणि कराचा हिशेब ही सारी कामे त्यात एकमेकांत गुंतलेली असतात. या क्षेत्रातील सॅप ही प्रख्यात जर्मन कंपनी आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये स्थापन केली. अशा सॉफ्टवेअरबरोबर दोन प्रकारचे लिखाण असते. एक म्हणजे प्रत्यक्ष आज्ञावली, जिच्यावर यंत्र चालते. दुसरी म्हणजे प्रोग्रामरसाठी लिहिलेली माहितीपुस्तिका. कोणती आज्ञा काय करते, माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी, उत्तर कोणत्या स्वरूपात मिळते, अमुक क्रमांकाची चूक दिसली तर तिचा अर्थ काय, हे सारे या पुस्तिकेत असते. आज्ञावली ही कंपनीची मालमत्ता, हे सर्वमान्य आहे. पुस्तिकेविषयी मात्र तितक्या सहजपणे तसे म्हणता येत नाही.

पुष्कळ वर्षे अशा पुस्तिका केवळ ग्राहकांच्या कपाटात असत. ज्याच्या कचेरीत ते सॉफ्टवेअर विकत घेतलेले असेल त्यासच त्या मिळत. ज्यास ते काम शिकून तशा कचेरीत नोकरी मिळवावयाची असेल त्यास मिळत नसत. नोकरीवाचून पुस्तिका नाही आणि पुस्तिकेवाचून नोकरी नाही, असा हा फेरा होता. त्यातून हैदराबादेतील अमीरपेठेसारख्या शिकवणीच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. तेथील गल्ल्यांतून सॉफ्टवेअरचे वर्ग भरतात आणि त्यांच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती दुकानांतून विकल्या जातात. हजारो तरुणांनी तेथे शिकून आपले संसार उभे केले, हे नाकारता येणार नाही. परंतु आदिलाबादेहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आहे. तेथे राहण्याचा, जेवणाचा आणि वर्गाचा खर्च कापूस पिकविणाऱ्या घरास सहज झेपणारा नसतो. ज्या घरातून एकच मूल बाहेर पाठविता येते, तेथे बहुधा मुलगा जातो व मुलगी मागे राहते. पुस्तिकेवरील कुलपाची किंमत अशी घराघरांतून वसूल होत असते.

आता ही स्थिती पुष्कळ अंशी पालटली आहे. सॅप, ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांसारख्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांचा मोठा भाग आज इंटरनेटवर कोणासही वाचता येतो. सरावासाठी काही सॉफ्टवेअरच्या विनामूल्य प्रतीही मिळतात. मात्र दार पूर्ण उघडलेले नाही. प्रत्यक्ष कामात आढळलेले दोष व त्यांवरील उपाय यांची सॅपची टिपणे पाहण्यासाठी अजूनही ग्राहकाचे खाते लागते. नियम सर्वांस वाचता येतो, परंतु नियम चुकला असता काय करावे हे ठरावीक मंडळींसच कळते, असा त्याचा अर्थ होतो.

खुद्द आदिलाबाद नगरात बीडीएनटी लॅब्स ही माहिती-तंत्रज्ञानाची कंपनी उभी राहिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तेलंगणाचे तत्कालीन मंत्री के. टी. रामाराव यांनी तिला भेट दिली, तेव्हा जिल्ह्याबाहेर अनेकांस आश्चर्य वाटले. वस्तुतः त्यात आश्चर्य कसले? वीज, तार आणि माहितीपुस्तिका या तीन गोष्टी जेथे पोहोचतात तेथे हे काम होऊ शकते. पहिल्या दोन गोष्टी सरकारने व कंपन्यांनी पोहोचविल्या. तिसरी पोहोचली, ती पुस्तिका खुल्या झाल्या म्हणून. म्युनिक येथील अभियंता जे पान वाचतो तेच पान त्याच दिवशी उटनूरच्या विद्यार्थ्यास वाचता येते, ही गोष्ट लहान नव्हे.

हे दार कंपन्यांनी नेहमीच आपखुशीने उघडले असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या संगणकांशी इतर संगणकांनी कोणत्या भाषेत बोलावे, याची माहिती ती कंपनी दीर्घकाळ गुप्त ठेवीत असे. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातील प्रोग्रामरने तारेवरून जाणारे संदेश पाहून, त्यांचा अर्थ लावीत, ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर तयार केले. एखाद्या अनोळखी गावात व्याकरण वा कोश हाती नसताना नुसते ऐकून भाषा शिकावी, तसा हा उद्योग होता. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि ही माहिती उघड करण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. २००७ मध्ये तेथेही आयोगाचा निर्णय मुख्यतः कायम राहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीस हजार पृष्ठांची माहिती सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे कंपनी बुडाली नाही. तिच्या संगणकांशी जुळणारी साधने इतरांस निर्माण करता आली, आणि ग्राहकास निवड करण्याची मोकळीक मिळाली.

भारतास या प्रश्नाचा आणखी एक पदर परिचित आहे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील आपला कारभार आवरला. तिची यंत्रे मात्र रेल्वेत, कारखान्यांत व संस्थांत तशीच राहिली. त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने पत्करली आणि देशातील कामे चालू राहिली. करणारा निघून जातो, यंत्र मागे राहते, आणि ते चालविण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांवर येऊन पडते. जमिनीच्या नोंदींचे सॉफ्टवेअर एका कंपनीकडून दुसऱ्या संस्थेकडे जाते तेव्हाही हाच प्रसंग येतो. नव्या माणसांच्या हाती संपूर्ण व अद्ययावत पुस्तिका नसेल, तर त्यांस प्रत्येक गोष्ट चाचपडत शोधावी लागते आणि तोवर तहसील कचेरीच्या पायरीवर शेतकरी तिष्ठत राहतो.

पुस्तिका उघडी असली म्हणजे काय घडू शकते, याचे एक सुंदर उदाहरण आदिलाबाद जिल्ह्यातच आहे. नारनूर मंडलातील गुंजाला या गावी २००६ मध्ये गोंडी भाषेची हस्तलिखिते अभ्यासकांच्या नजरेस आली. त्यांची लिपी स्वतंत्र होती आणि ती वाचू शकणारी मोजकीच वृद्ध माणसे गावात उरली होती. ती माणसे गेली असती तर पोथ्या असूनही मुक्या झाल्या असत्या. त्या वृद्धांकडून अभ्यासकांनी अक्षरे समजावून घेतली, त्यांचे तक्ते केले, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ लिपीस स्थान मिळाले. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास संगणकासाठी नेमून दिलेला क्रमांक. त्याचे तक्ते कोणासही विनामूल्य पाहता येतात व त्यावरून कोणीही टंक तयार करू शकतो. गूगलच्या ‘नोटो’ या खुल्या टंकमालेतही या लिपीचा टंक आहे. चार वृद्धांच्या स्मरणात असलेली विद्या जगाच्या दप्तरात दाखल झाली, ती तक्ता उघडा होता म्हणून.

मराठी वाचकांस याच्या उलट अनुभवही आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक ठरले होते. तरीही छपाईच्या व्यवसायात निरनिराळ्या टंकांनी अक्षरांचे आपापले निरनिराळे क्रम वापरले, आणि त्यांचे तक्ते बहुधा खुले नसत. परिणामी एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला, की मराठीऐवजी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. पुस्तके छापली गेली. परंतु त्यांच्या संगणकीय प्रती पुढील पिढीस पुन्हा टंकित कराव्या लागल्या.

पुस्तिका उघड्या करण्यास दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की कंपनीने खर्च करून तयार केलेली विद्या फुकट का द्यावी? परंतु पुस्तिका दिल्याने सॉफ्टवेअर दिले जात नाही. उलट, जितके अधिक लोक ते शिकतील तितके ते चालविणारे हात वाढतील, आणि विकणाऱ्यासही त्याचा लाभच होईल. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. अंतरंग सर्वांस कळले तर चोरासही कळेल, असे म्हणतात. ऑगस्त केर्कहोफ्स या भाषा-शिक्षकाने १८८३ मध्येच गुप्तलेखनाविषयी लिहिताना याचे उत्तर देऊन ठेवले आहे: पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. ज्या कुलपाची मजबुती त्याची रचना कोणास ठाऊक नसण्यावर अवलंबून असते, त्या कुलपाच्या भरवशावर घर सोडून जाणे शहाणपणाचे नव्हे. परवलीचे शब्द, ग्राहकांची माहिती व खात्यांचे तपशील गुप्तच राहिले पाहिजेत. सॉफ्टवेअरशी बोलण्याची रीत गुप्त राहण्याचे कारण नाही.

भारत सरकारने हे तत्त्व कागदावर मान्य केलेले आहे. ई-प्रशासनात खुल्या मानकांचा वापर व्हावा असे धोरण २०१० मध्ये ठरले आणि सरकारी यंत्रणांचे एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी व्यवहार करण्याची ठरलेली रीत, खुले असावे असे धोरण २०१५ मध्ये आले. आता ते तत्त्व प्रत्येक कराराच्या अटीत उतरले पाहिजे. जनतेच्या पैशाने जे सॉफ्टवेअर तयार होते, त्याची पुस्तिका पहिल्या दिवसापासून जनतेस वाचता आली पाहिजे आणि दर बदलाबरोबर ती सुधारली गेली पाहिजे. जुन्या आवृत्तींच्या पुस्तिकाही जपून ठेवल्या पाहिजेत. कारण कंपनी जुने पान काढून टाकते, तरी एखाद्या कारखान्यात वा कचेरीत ते जुने सॉफ्टवेअर दहा-दहा वर्षे चालू असते.

आणि तरीही दार उघडल्याने आत जाता येतेच असे नाही. या पुस्तिका बहुतांशी इंग्रजीत आहेत, आणि तीही शाळेच्या पाठ्यपुस्तकातील इंग्रजी नव्हे. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. त्यांतील मुलास घरची मराठी वा गोंडी, राज्याची तेलुगू आणि परीक्षेची इंग्रजी असा तिहेरी भार वाहावा लागतो. त्याच्या पुढ्यात हजार पानांची पुस्तिका ठेवून, आता शीक, असे म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास नदीचा नकाशा देणे होय. येथे शाळेचे काम सुरू होते. पुस्तिका वाचणे ही शिकविण्याजोगी विद्या आहे. अनुक्रमणिका कशी पाहावी, उदाहरण करून कसे पडताळावे, चुकीचा संदेश न घाबरता कसा वाचावा, लागलेला अर्थ आपल्या भाषेत दोन ओळींत कसा टिपून ठेवावा, एवढे जरी दहावीपर्यंत साधले, तरी मुलास पुढे स्वतःच्या पायांनी चालता येईल. अशा मराठी व तेलुगू टिपणांच्या वह्या शाळांच्या ग्रंथालयांत साठत गेल्या, तर मागून येणाऱ्या मुलांची वाट सोपी होईल.

कंपन्यांनी पुस्तिका उघडी ठेवावी, सरकारने तशी अट घालावी, आणि शिक्षकाने ती वाचावयास शिकवावे, ही तिन्ही कामे एकमेकांवाचून अपुरी आहेत. त्यांतील तिसऱ्या कामासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या शनिवारी शाळा सुटण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात, मुलांना भोवती घेऊन, एका खुल्या पुस्तिकेचे पहिले पान कोणत्याही शिक्षकास मोठ्याने वाचता येईल.