नोटीस गाडीला, लायसन्स माणसाला

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवात कीर्तन, भावगीते, एकांकिका असा थाट असताना वेगाच्या नोटिशी आणि ड्रायव्हिंग लायसन्स हा विषय ऐकून काही जणांनी चहाकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले. चहा भाषणानंतर आहे, असे सचिवांनी सांगितले आहे. तेवढा वेळ कृपया सांभाळून घ्या.

आपल्यापैकी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसगडात आहेत. बाकीचे आम्ही बदलीवाले. आज बिलासपूर, चार वर्षांनी कुठे ते रेल्वे जाणे. दिवाळीला मात्र सगळ्यांचीच गाडी रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरकडे धावते. पूर्वी हात दाखवून गाडी थांबवणारा हवालदार असे. आता खांबावर कॅमेरा असतो. तो गाडी थांबवत नाही, फोटो काढतो. चलन मागाहून येते, आणि ते कुठे येते हाच आजचा विषय आहे.

सरकारच्या दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत. माणसाची, म्हणजे लायसन्सची नोंद ‘सारथी’मध्ये असते. गाडीची, म्हणजे आरसी बुकाची नोंद ‘वाहन’मध्ये असते. कॅमेऱ्याला चालकाचा चेहरा ओळखायचा नसतो, तो नंबर प्लेट वाचतो. त्यामुळे नोटीस गाडीच्या नोंदीतील मालकाच्या नावे, तिथल्या पत्त्यावर आणि तिथल्या मोबाइलवर जाते. आपण बदलीनंतर मोठ्या हौसेने लायसन्सवरचा पत्ता बदलतो आणि काम झाले असे समजतो. पण लायसन्सचा पत्ता बदलल्याने गाडीचा पत्ता बदलत नाही.

आमच्या ओळखीच्या एका सहकाऱ्याचेच उदाहरण घ्या. बदली होऊन इथे आल्यावर त्यांनी लायसन्स अगदी वेळेवर नवे करून घेतले. दोन वर्षांनी गाडी विकायला काढली, तेव्हा कळले की तीन चलने थकली आहेत. नोटिशी जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर गेल्या होत्या, आणि संदेश कधीच बंद केलेल्या मोबाइल नंबरवर. गिऱ्हाईक मात्र हातचे गेले.

म्हणून बदली झाली की दोन्ही कामे एकाच यादीत लिहा.

पहिले, लायसन्स. ते देशभर चालते, राज्य बदलले म्हणून नवे काढावे लागत नाही. पत्ता बदलणे आणि नूतनीकरण ही कामे 2021 पासून आधार जोडून घरबसल्या करण्याची सोय झाली आहे. मुदत मात्र आजच घरी जाऊन पाहा. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी लायसन्स वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांतले जे आधी येईल तोवर मिळत असे. म्हणजे पंचविशीत काढलेले लायसन्स पंचेचाळिशीत संपते, आणि या सभागृहात त्या वयाचे बरेच जण बसलेले दिसतात. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचे नमुना 1-ए चे प्रमाणपत्र लागते. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर रांगेत उभे राहायचे नसेल, तर तारीख चुकवू नका.

दुसरे, गाडी. मालकाचा पत्ता बदलला की 30 दिवसांत आरटीओला कळवावे, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 49 सांगते. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली, तर कलम 47 प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी हवी, आणि एनओसी मागायला गेलो की थकलेले चलन आडवे येते. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरांसाठी सप्टेंबर 2021 पासून बीएच मालिकेचा नंबर सुरू झाला आहे. नवी गाडी घेणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. आणि सर्वांत सोपे, पण सर्वांत जास्त राहून जाणारे काम म्हणजे गाडीच्या नोंदीतील मोबाइल नंबर चालू असलेला ठेवणे.

आता नोटीस आलीच तर काय करायचे?

एक, ती खरी आहे का ते पाहा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने फाइल येते, ती उघडली की बँकेतले पैसे जातात, असे प्रकार पुष्कळ झाले आहेत. संदेशातल्या दुव्याला हात लावू नका. परिवहन मंत्रालयाच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा त्या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर घाला. चलन खरे असेल तर तिथे दिसते.

दोन, फोटो नीट पाहा. नंबर आपलाच आहे का? गाडीचा प्रकार, रंग जुळतो का? जागा, तारीख, वेळ, मोजलेला वेग आणि तिथली मर्यादा वाचा. त्या वेळी गाडी दुसरीकडे उभी होती असा पुरावा असेल, तर टोलची पावती, हजेरी, जे असेल ते जपून ठेवा.

तीन, ठरवा. बरोबर असेल तर मुदतीत भरा आणि पावती ठेवा. चूक असेल तर तिथेच तक्रार नोंदवा. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेले तरी दंड भरायचा की दावा लढवायचा, हे दोन्ही मार्ग असतात. नागपूरला असे कोर्ट 2020 साली तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते सुरू झाले. गप्प बसणे हा मात्र तिसरा मार्ग नव्हे.

चार, गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर तसे सांगा. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणे हे कलम 133 प्रमाणे मालकाचे कर्तव्यच आहे. मेहुण्याला गाडी देताना हे आठवावे.

यावरून एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका वहिनींचा फोन आला. वेगाची नोटीस आली होती, ताशी 92 ची, आणि ती त्यांच्या यजमानांच्या नावाने होती. यजमान जाऊन वर्ष झाले होते. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी हयातीत कधी साठच्या वर काटा जाऊ दिला नाही, आणि आता हे असं नाव आलंय हो.” दंडाची रक्कम त्यांना मोठी नव्हती. त्या नावाखाली तो आकडा पाहणे त्यांना जड जात होते.

गाडी मुलगा चालवत होता. मालक वारल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावे करण्याचा अर्ज, म्हणजे नमुना 31, द्यावा असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचणार? पण अशा वेळी आपण शेजारी-सहकारी असतोच की. पेन्शनच्या कागदांबरोबर गाडीचे आरसी बुकही आठवणीने काढून द्यावे, एवढी माझी विनंती आहे. त्या मुलाने दंड भरला आणि गाडी आईच्या नावावर केली. मी त्याला रागावलो नाही. फक्त एक हिशेब मांडून दाखवला, तोच तुम्हालाही सांगतो.

ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. आपला एलएचबी डबा 24 मीटरचा. म्हणजे मोबाइलकडे एक सेकंद पाहिले, तर एक अख्खा डबा डोळे मिटून पुढे गेलो. साठचे नव्वद केले तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवायची शक्ती सव्वादोन पट होते. रुळावर आम्ही काम काढतो तेव्हा लोको पायलटच्या हातात कॉशन ऑर्डर देतो, अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर, वेग इतका. पुढे गँग रुळावर वाकलेली असते. तो कागद कोणी अपमान समजत नाही. गावाजवळचा 40 चा बोर्डही कॉशन ऑर्डरच आहे. तिथे शाळा सुटत असते, म्हातारा माणूस सायकल घेऊन रस्ता ओलांडत असतो.

2019 च्या दुरुस्तीने मोटारीच्या वेगाचा दंड चारशे रुपयांवरून एक ते दोन हजारांवर नेला, आणि पुन्हा गुन्हा झाल्यास लायसन्स जप्त करण्याची तरतूद केली. म्हणजे गाडीला आलेली नोटीस अखेर माणसाच्या लायसन्सपर्यंत पोचते. ते होईपर्यंत थांबू नये.

विसर्जनानंतर सवड काढून घरातल्या प्रत्येक गाडीचे आरसी बुक आणि प्रत्येकाचे लायसन्स टेबलावर मांडा. नाव, पत्ता, मोबाइल, मुदत, थकलेले चलन, एवढे तपासा. अर्ज भरताना अडचण आली तर रविवारी सकाळी मी आणि आपले दोन तरुण कार्यकर्ते मंडळाच्या कार्यालयात बसू. वयस्कर मंडळींनी आणि वहिनींनी निःसंकोच यावे.

विघ्नहर्ता विघ्ने दूर करतोच, पण आरटीओचा अर्ज आपल्यालाच भरावा लागतो. 

गणपती बाप्पा मोरया!